दाखला, निराधार पगार, दिव्यांग निधी: आधी कोणत्या खिडकीवर जायचं?

धाकटी जाऊ

नमस्कार. आमचं शहर लहान आहे, क वर्ग नगरपरिषद. इथे कुणी नगरपरिषदेत काम केलेलं असेल तर कृपया सांगा, कारण आता मला कुणाला विचारावं तेच कळेनासं झालंय.

माझे मोठे दीर दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी गेले. वय 47. बाजार समितीत हमाली करायचे. रात्री छातीत कळ आली आणि रिक्षा दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. घरीच गेल्यामुळे दवाखान्याचा कागद कुठलाच नाही. स्मशानभूमीतल्या नगरपरिषदेच्या माणसाने पावती दिली होती. तोच दाखला असं समजून आम्ही ती देव्हाऱ्याखालच्या पेटीत जपून ठेवली. आता जानेवारी संपत आला, आणि परवा कळलं की मृत्यूची नोंदच झालेली नाही.

मागे जाऊबाई आहेत आणि पुतण्या. तो 19 वर्षांचा आहे, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. चालता येत नाही, बोलणं आमच्याशिवाय फारसं कुणाला कळत नाही, पण त्याला सगळं समजतं. मोबाईलवर बातम्या वाचतो आणि मलाच सांगतो. जिल्हा रुग्णालयाचं जुनं अपंग प्रमाणपत्र आहे, 75 टक्क्यांचं. घर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, आणि तेही सहा वर्षांपूर्वी गेले.

जाऊबाईंना घेऊन मी आतापर्यंत पाच वेळा नगरपरिषदेत जाऊन आले. एका टेबलावर म्हणाले, निराधारचं इथे नसतं, तहसीलला जा. तहसीलला म्हणाले, आधी मृत्यू दाखला आणा. दाखल्याच्या खिडकीवर म्हणाले, उशीर झालाय, आता साहेबांना विचारावं लागेल. दिव्यांग निधीचा अर्ज द्यायला गेले तर एकाने तो घेऊन खणात ठेवला आणि म्हणाला, "सभेत विषय येऊ द्या, मग बघू." पोच मागितली तर म्हणाला, गरज नाही.

खाली फलकावर सभेची विषयपत्रिका लावलीय. त्यात 14 नंबरला "दिव्यांग कल्याण निधी खर्चास मंजुरी देणे" असं लिहिलंय. माझे प्रश्न असे: आधी काय करायचं? त्या सभेला मी जाऊन बसू शकते का? आणि नगरसेवकाची चिठ्ठी लागतेच का? आमच्या प्रभागातले नगरसेवक नवीन आहेत, डिसेंबरच्या निवडणुकीत आले, आमची त्यांची ओळख नाही.

जाऊबाई आता म्हणतात, राहू दे, नको काही. मला ते राहू द्यायचं नाहीये.

पाटीपेन्सिल

नगरसेवकांना भेटा ताई, त्यांच्या एका फोनने होतं. नवीन आहेत म्हणजे कामाचा उत्साहही असेल.

आवकजावक

ताई, मी 31 वर्षं नगरपरिषदेत नोकरी केली. लागलो तेव्हा जकात नाक्यावर होतो. 1999 साली नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि आम्हा नाक्यावरच्या लोकांना कार्यालयात सामावून घेतलं. मला आवक-जावकच्या टेबलावर, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या कागदांची नोंद होते तिथे, बसवलं. तिथे बारा वर्षं काढली आणि शेवटी कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. तुमची हकीकत वाचून रात्री झोप लागली नाही, कारण "खणात ठेवला" हे वाक्य मला फार ओळखीचं आहे. सविस्तर लिहितो. लांबेल, पण नीट वाचा.

पहिलं काम उद्याच करा. दिव्यांग निधीचा अर्ज पुन्हा लिहा, दोन प्रतींत, आणि तो त्या टेबलावर न देता आवक-जावक विभागात द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच देणं ही त्यांची मेहेरबानी नाही, ते त्या टेबलाचं रोजचं काम आहे. घ्यायला कुणी नकार दिला तर तोच अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावतीसह. पोस्टाने आलेल्या कागदाची नोंद आवक बारनिशीत (आलेल्या कागदांच्या नोंदवहीत) करावीच लागते. खणातल्या अर्जाला क्रमांक नसतो, म्हणून कार्यालयाच्या लेखी तो अर्ज आलेलाच नसतो.

आता 14 नंबरच्या विषयाबद्दल, कारण इथेच लोकांची दिशाभूल होते. "सभेत विषय येऊ द्या" हे अर्धंच खरं आहे. नगरपरिषदेने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. पूर्वी हे 3 टक्के होतं. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आल्यावर 5 झालं. सभेपुढे जो विषय येतो तो खर्चाच्या मंजुरीचा. सूचक, अनुमोदक, "सर्वानुमते मंजूर" असं होऊन तो पाच मिनिटांत संपतोही. त्या ठरावात तुमच्या पुतण्याचं नाव नसतं. नाव असतं लाभार्थ्यांच्या यादीत. यादी तयार करतो संबंधित विभागाचा लिपिक, आणि ती करतो आलेल्या अर्जांवरून आणि कार्यालयातल्या दिव्यांगांच्या नोंदवहीवरून. म्हणजे सभा होईपर्यंत थांबलात तर यादी तुमच्याशिवायच तयार होईल. बरं, आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये निधी खर्ची टाकण्याची घाई असते आणि हाताशी जी यादी असेल त्यावरच वाटप होतं. म्हणून म्हणतो, अर्ज सभेच्या आधी आवकला पडला पाहिजे. त्यातच दुसरी मागणी लिहा: "माझे नाव दिव्यांग व्यक्तींच्या नोंदवहीत घ्यावे." ही ओळ विसरू नका. या वर्षी हुकलं तरी पुढच्या वर्षी ती ओळ उपयोगी पडते.

हे इतकं जोर देऊन सांगतो, त्याला कारण आहे. माझ्याच कार्यालयात एकदा तीनचाकी सायकलीसाठी आलेला एक अर्ज असाच एका खणात राहिला. वाटपाच्या दिवशी मुलाची आई नाव पुकारायची वाट बघत मांडवाच्या कडेला उभी होती. यादी संपली, मांडव रिकामा झाला, तरी ती उभीच. नंतर मी बारनिशी उलटून पाहिली, नोंद नव्हती. तिने अर्ज माझ्या शेजारच्या टेबलावर देताना मी पाहिला होता. "बाई, इकडे आणा, शिक्का मारून देतो" एवढं मी म्हणायला हवं होतं. नाही म्हणालो. पुढच्या वर्षी तिचं नाव आलं, पण ते एक वर्ष त्या मुलाने घरात बसून काढलं.

सभेला जा, नक्की जा. नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा लोकांसाठी खुली असते. आपल्याला बोलता येत नाही, गॅलरीत किंवा मागच्या खुर्च्यांवर बसून ऐकता येतं. पहिला विषय मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करण्याचा असतो, शेवटचा "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय". मधल्या गर्दीत रस्ते, गटारी, टेंडरची मुदतवाढ असते, त्यात तुमचा 14 नंबर. कुणी प्रश्न विचारला का, "यादी कुठे आहे" असं कुणी म्हणालं का, ते वहीत टिपून ठेवा. माणसं समोर बसलेली असली की सभागृह थोडं सावरून वागतं, हे मी शेकडो सभांचा कागद सांभाळताना पाहिलंय. सभा झाल्यावर ठरावाची नक्कल मागता येते. दिली नाही तर माहिती अधिकारात मागा, फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस.

नगरसेवकाच्या चिठ्ठीबद्दल. लागत नाही. पण भेटा. चिठ्ठी मागायला जाऊ नका. आवक क्रमांक टाकलेल्या अर्जाची झेरॉक्स त्यांच्या हातात द्या आणि सांगा, 14 नंबरवर यादी सभागृहापुढे ठेवायला सांगा. नवीन माणसाला सभेत काय विचारायचं हे कुणीतरी सांगावंच लागतं. आमच्या काळी महिला व बालकल्याण समितीच्या एक सभापती होत्या. पहिल्या वर्षी त्या सभेत एक शब्द बोलल्या नाहीत. एकदा एका म्हाताऱ्या आजींनी त्यांच्या हातात असाच अर्ज ठेवला. त्या सभेपासून बाई "मागच्या ठरावाचं काय झालं" हे दर वेळी विचारू लागल्या, आणि सगळं कार्यालय त्या प्रश्नाची तयारी करून सभेला यायला लागलं.

आता मृत्यूची नोंद. स्मशानभूमीची पावती म्हणजे अंत्यविधी झाल्याची पावती. नोंद वेगळी. मृत्यूची खबर 21 दिवसांच्या आत द्यायची असते, आणि घरी मृत्यू झाला तर ती जबाबदारी घरच्यांची. 21 ते 30 दिवसांत थोडं विलंब शुल्क भरून काम होतं. 30 दिवसांनंतर एक वर्षाच्या आत असेल तर जिल्हा निबंधक किंवा शासनाने नेमून दिलेला अधिकारी यांची लेखी परवानगी, शुल्क आणि स्वयंसाक्षांकित कागद लागतो. तुम्ही या गटात आहात. वर्ष उलटलं तर प्रकरण दंडाधिकाऱ्यांकडे जातं, म्हणून "राहू दे" म्हणून चालणार नाही. अर्ज मात्र तुम्ही आपल्याच नगरपरिषदेच्या जन्म-मृत्यू विभागात करायचा. नमुना 2 भरायचा, त्याला स्मशानभूमीची पावती, दिरांचं आधार, खबर देणाऱ्याचं आधार आणि उशीर का झाला याचा साध्या शब्दांतला खुलासा जोडायचा. पावती आम्हाला दाखलाच वाटली, हे जसं इथे लिहिलंत तसंच तिथे लिहा. नेहमीच्या डॉक्टरांनी आधी त्यांना तपासलेलं असेल तर मृत्यूच्या कारणाचा नमुना 4-अ त्यांच्याकडून मिळतो का ते विचारा. नोंद झाल्यावर खबर देणाऱ्याला पहिला उतारा विनामूल्य मिळतो, पण जादा प्रती पैसे भरून आत्ताच घ्या, निदान पाच. बँक, तहसील, विमा, जो तो मूळ प्रत बघायला मागतो.

तहसीलवाल्यांचं म्हणणं चुकीचं नाही, फक्त त्यांनी ते नीट सांगितलं नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजना तहसील कार्यालयाकडे असते, नगरपरिषदेकडे नाही. तिथे तुमचे दोन वेगळे अर्ज होतील. एक जाऊबाईंचा, विधवा म्हणून. दुसरा पुतण्याचा, दिव्यांग म्हणून, कारण तो सज्ञान आहे. विधवांना दरमहा 1500 रुपये मिळतात, दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून 2500. उत्पन्नाची वार्षिक मर्यादा जाऊबाईंना 21,000 आणि पुतण्याला 50,000. मृत्यू दाखला हाती येईपर्यंत पुतण्याचा अर्ज अडवायचं काही कारण नाही, त्याला वडिलांचा दाखला लागत नाही. तो आधी भरा. आणखी एक, राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना. कर्ता माणूस 18 ते 59 वयात गेला आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असेल तर एकदाच 20,000 रुपये मिळतात. हेही तहसीलमध्येच. जाऊबाईंचं नाव त्या यादीत आहे का, आधी बघा.

घर नावावर करणं शेवटी ठेवा. घरपट्टीच्या रजिस्टरला वारसांची नावं लागली तरी त्याने मालकी सिद्ध होत नाही. मिळकत पत्रिका नगर भूमापनकडे असते. ती वेगळी लढाई आहे आणि सध्या तुमच्या अंगात त्याची ताकद नाही. यंदाची घरपट्टी तेवढी भरून टाका. थकबाकी दिसली की प्रत्येक टेबलावर तेच कारण पुढे येतं.

पुतण्याच्या अर्जावर सही किंवा अंगठा त्याचाच घ्या. त्याला समजतं असं तुम्ही लिहिलंय, तर टेबलावरच्या माणसाशी बोलतानाही त्याला पुढे करा.

संघटिका

आवकजावक काकांनी सगळं लिहिलंच आहे. मी एका नगरपरिषदेत वस्त्यांमधून बचत गटांचं काम करते, त्यामुळे दोन गोष्टी जोडते.

ताई, जुनं अपंग प्रमाणपत्र असेल तर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) काढून घ्या, स्वावलंबन कार्डच्या संकेतस्थळावर अर्ज होतो. हल्ली निधी वाटताना तेच मागतात. पुन्हा तपासणीला बोलावलं तर जिल्हा रुग्णालयात दिव्यांगांच्या तपासणीचे दिवस ठरलेले असतात. आधी फोन करून विचारा, नाहीतर मुलाला उचलून नेऊन परत आणावं लागतं. आमच्या वस्तीतल्या एका आईने हे दोनदा केलंय.

आणि मुलाचं बँक खातं त्याच्या स्वतःच्या नावाचं हवं, आधार जोडलेलं. निराधारचे पैसे आता डीबीटीने थेट खात्यात येतात. खातं आईचं आणि मंजुरी मुलाच्या नावे असली की पैसे अडकतात. बँकेत "पालकत्व प्रमाणपत्र आणा" म्हणाले तर लगेच घाबरू नका. सेरेब्रल पाल्सी असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालक नेमता येतो हे खरं, पण ज्याला स्वतःला कळतं आणि अंगठा देता येतो त्याला याची गरज असतेच असं नाही. आधी मॅनेजरसमोर मुलाला बसवा, त्याच्याशी बोलायला सांगा.

जाऊबाईंचा उत्पन्नाचा दाखला दीर गेल्यानंतरच्या परिस्थितीवर काढा. मागच्या वर्षीचा जोडलात तर त्यात हमालीचं उत्पन्न दिसेल आणि अर्ज तिथेच अडेल.

ओझं

दीर हमाल होते म्हणताय. माथाडी मंडळात त्यांची नोंदणी होती का? 1969 च्या माथाडी कायद्याखाली नोंदणी असलेल्या कामगाराची भविष्य निर्वाह निधीची आणि ग्रॅच्युइटीची रक्कम मंडळाकडे जमा असते. बाजार समितीतल्या त्यांच्या टोळीच्या मुकादमाला विचारा, त्याला नोंदणी क्रमांक माहीत असतो. माझे वडील याच कामात होते. आम्हाला हे दीड वर्षाने कळलं, तेही एका लग्नात.

धाकटी जाऊ

सगळ्यांना मनापासून नमस्कार. आज 9 मार्च. काय झालं ते लिहिते.

काकांचं वाचून दुसऱ्याच दिवशी अर्ज आवकला दिला. टेबलावरच्या मुलीने एक शब्द न बोलता शिक्का मारून दिला, म्हणाली, "एवढंच ना?" मला बाहेर येऊन पायरीवर बसावं लागलं. पाच फेऱ्या मारल्या होत्या मी.

सभेला गेले. जाऊबाई आल्या नाहीत, पुतण्या म्हणाला मी येतो. सभागृह वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. माझा नवरा आणि शिपाईदादा, दोघांनी त्याला खुर्चीसकट वर नेलं. 14 नंबर आला तेव्हा आमच्या नगरसेविकेने (हो, त्या बाई आहेत, मी आधी नगरसेवक लिहिलं) यादी मागितली. यादी तयार नव्हती. अध्यक्षांनी मुख्याधिकाऱ्यांना सांगितलं की आठ दिवसांत नोंदवही अद्ययावत करून यादी फलकावर लावा. तसं ठरावात लिहून घेतलं. ती यादी परवा लागली. 41 वं नाव त्याचं आहे. त्याने मला फोटो काढायला लावला आणि स्वतः वाचून खात्री केली. पैसे अजून आलेले नाहीत.

मृत्यूची नोंद झाली. परवानगीला तीन आठवडे लागले. खुलासा मी जसा घडला तसाच लिहिला होता. सहा प्रती घेतल्या. पुतण्याचा निराधारचा अर्ज तहसीलला दाखल झालाय, जाऊबाईंचा या आठवड्यात करतोय. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव सासऱ्यांचं आहे, त्याचं काय करायचं ते तहसीलमध्ये उद्या विचारणार आहे.

ओझं, तुमचं म्हणणं खरं निघालं. मुकादमाने वहीत बघून नोंदणी क्रमांक काढून दिला. मंडळाचं कार्यालय जिल्ह्याच्या गावी आहे, गुरुवारी जाणार आहोत. तिथे मृत्यू दाखला, बँकेचं पासबुक आणि आधार याशिवाय आणखी काय न्यावं लागेल, ते कृपया सांगाल का? जाऊबाई या वेळी स्वतः येणार आहेत.

ओझं

दिरांचं माथाडीचं ओळखपत्र किंवा हजेरी कार्ड घरात असेल तर शोधा, आमच्या वडिलांचं उशीच्या अभ्र्यात सापडलं होतं. जाऊबाईंचं लग्नानंतरचं नाव आधारवर आणि मंडळाच्या कागदावर सारखं आहे का बघा. वारसनोंद केलेली असेल तर काम सोपं आहे. नसेल तर वारसाच्या कागदाला काय चालेल ते तिथूनच लेखी घ्या. आणि गेल्या गेल्या आवकला अर्ज द्या, काकांनी सांगितलंय तसा.